परवाना गावात यायच्या आधी प्रोसिडिंग बुक उघडून बघा

आमच्या गावात देशी दारूचं दुकान येणार, हे मला ग्रामपंचायतीतून नाही कळलं, गवंड्याकडून कळलं. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपत आला होता. तो ओसरीवर चहा प्यायला बसला आणि म्हणाला, "काका, फाट्याजवळच्या खोलीले खिडकी पाडून मांगतली जी त्यानं. खिडकीले लोखंडी जाळी, अन् जाळीत हात जाईन येवढंच भोक. किराण्याच्या दुकानाले अशी जाळी कोण लावते?"

कोणीच लावत नाही. मी तेहतीस वर्षं ग्रामसेवक होतो. आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, गाव मात्र अजून ग्रामसेवकच म्हणते. एवढ्या वर्षांत अशा जाळ्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत आणि त्यातली एक माझ्या अक्षरातल्या ठरावावर बसली होती. ते पुढे सांगतो.

आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, वैनगंगेच्या अलीकडे. पलीकडे गडचिरोली जिल्हा, तिथे १९९३ पासून दारूबंदी. आमचा चंद्रपूर जिल्हा १ एप्रिल २०१५ ला बंद झाला आणि २०२१ ला पुन्हा उघडला. म्हणजे नदीच्या या काठावर दुकान टाकलं की दोन्ही काठांचं गिऱ्हाईक. व्यापाऱ्याला हे कळतं, आपल्याला उशिरा कळतं. तुमच्याही गावात असा गवंडी बोलला, तर काय करायचं ते मी माझ्या अनुभवावरून लिहितो आहे. दुकान हवं की नको हे तुमचं गाव ठरवेल. नको म्हणायचं असेल तर ते कागदावर कसं म्हणायचं, एवढंच मला सांगता येतं.

नेमकं काय येत आहे ते आधी ठरवा

लोक सरसकट "दारूचं दुकान" म्हणतात. अर्जात तसं म्हणून चालत नाही. देशी दारूच्या किरकोळ दुकानाचा परवाना म्हणजे सीएल-३. विदेशी दारूचं दुकान, ज्याला आपण वाईन शॉप म्हणतो, ते एफएल-२. बसून प्यायची परमिट रूम, म्हणजे आपला बार, तो एफएल-३. आणि नुसती बिअर शॉपी एफएलबीआर-२. सगळं महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ खाली चालतं. नावात दारूबंदी आणि परवानेही त्याच कायद्याचे, यावर आमच्या पंचायतीत दर वर्षी कोणीतरी नवीन सदस्य हसायचा.

देशी आणि वाईन शॉपचे नवे परवाने राज्यात १९७० च्या दशकापासून देणं थांबलं आहे. म्हणून जुना परवाना हीच मोठी मालमत्ता. तो इकडून तिकडे सरकवतात, भागीदार घेऊन दुसऱ्याच्या हाती देतात. त्यामुळे "नवीन दुकानाला विरोध" असा अर्ज लिहून गेलात, तर समोरचा बाबू सरळ सांगेल की नवीन दुकानाचा असा काही अर्जच आमच्याकडे नाही. खोटं नाही बोलत तो. अर्ज असतो स्थलांतराचा.

त्यातही दोन गोष्टी वेगळ्या. नाव बदलणं वेगळं, जागा बदलणं वेगळं. गावातल्या चालू दुकानात मालक बदलला, भागीदार आला, तर त्यात ग्रामसभेला फारसं काही म्हणता येत नाही. जागा बदलून दुकान आपल्या हद्दीत येत असेल, तर मात्र आपला कागद कामाचा. आमच्याकडे येऊ घातलेला परवाना दुसऱ्या एका गावातून निघाला होता, कारण तिथल्या बायांनी मतदान करून दुकान बंद पाडलं होतं. त्यांची बला टळली, ती आमच्या फाट्यावर उतरत होती.

हे कळायला राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा कार्यालयात माहितीचा अधिकार लावा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवसांची मुदत. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाच्या नावे अर्ज केला तर फीही नाही. मागायचं काय, ते मोघम नको. "मौजे अमुक येथे परवाना स्थलांतरासाठी आलेल्या अर्जाची, जोडपत्रांसह प्रत, जागेचा नकाशा, पाहणी अहवाल आणि ग्रामपंचायतीचा ठराव वा ना-हरकत जोडली असल्यास त्याची प्रत." शेवटचं वाक्य विसरू नका. बरेचदा तुमच्याच पंचायतीचा कागद तिथे आधीच पोचलेला असतो आणि गावाला पत्ता नसतो.

माझा ठराव

नोकरीच्या आठव्या वर्षीची गोष्ट. मासिक सभा होती, सात सदस्यांपैकी पाच हजर. ऐनवेळच्या विषयात एकाचा अर्ज आला: गट नंबर अमुक येथे हॉटेल व्यवसाय करायचा आहे, ना-हरकत मिळावी. मी लिहिलं, "हॉटेल व्यवसायास सर्वानुमते ना-हरकत देण्यात यावी." दोन मिनिटांचं काम. हॉटेल म्हणजे भजी, चहा, फार तर सावजी रस्सा, असंच सगळ्यांच्या मनात.

दीड वर्षाने तिथे परमिट रूम सुरू झाली. खानावळीचं लायसन ही परमिट रूमची पहिली पायरी असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं म्हणणार नाही. लक्षात आलं नव्हतं. साठ पावलांवर मारुतीचं देऊळ होतं, लोक तेच धरून बसले. पण परमिट रूमपासून किती लांब हवं त्या अंतराच्या नियमात धार्मिक स्थळ धरायचं तर ते सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असावं लागतं. मारुती बिचारा शंभर वर्षांचा, नोंदणी नाही. मोजणीत तो आलाच नाही.

एक म्हातारी ग्रामपंचायतीत आली. बसली नाही. म्हणाली, "वाचा जी बाबू, काय लिवलं तुमी." मी ठराव वाचला. म्हणाली, "अजून एकडाव." पुन्हा वाचला. "यात दारू कुठी हाय?" मी म्हटलं, नाही. "मंग?"

त्या "मंग"ला मी काही उत्तर देऊ शकलो नाही. तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हापासून हॉटेल, ढाबा, रेस्टॉरंट, लॉज, काहीही ना-हरकतीसाठी आलं, की मी एक ओळ ठरावात घालायचो: "ही ना-हरकत फक्त शाकाहारी/मांसाहारी खाद्यपदार्थ विक्रीपुरती असून मद्यविक्री वा मद्यपान परवान्यासाठी वापरता येणार नाही." सदस्य कंटाळायचे. तुमच्या गावच्या पंचायतीला आजच ही ओळ देऊन ठेवा, दुकानाचा विषय नसला तरी. आणि गेल्या पाच वर्षांचं प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेचे ठराव लिहितात ती वही, मागून बघा. "हॉटेल" शब्दावर बोट ठेवत जा.

ग्रामसभा: खरी लढाई इथे आणि तीही नोटिशीपासून

मासिक सभा म्हणजे सदस्यांची. ग्रामसभा म्हणजे यादीतल्या सगळ्या मतदारांची. मासिक सभेचा ठराव फाईलला लागला असेल, तर ग्रामसभेचा ठराव घेऊनच त्याला भिडायचं.

सरपंचाला विशेष ग्रामसभा केव्हाही बोलावता येते. टाळत असेल तर गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी जा, पंचायत समितीने मागणी केली की सरपंचाला सभा घ्यावीच लागते. नियमित सभेची नोटीस सात दिवस आधी, विशेष सभेची चार दिवस आधी. नोटीस कुठे चिकटवली त्याचा फोटो काढा, तारीख दिसेल असा. दवंडी दिली का ते विचारा. आमच्याकडे दवंडी बाजारचौकात झाली आणि टोलीवर, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवर, कोणालाच ऐकू गेली नाही, ते दुसऱ्या दिवशी पुन्हा द्यायला लावलं.

विषयपत्रिकेवर विषय पूर्ण लिहून घ्या. "ऐनवेळचे विषय" यात हा विषय गेला, तर उद्या समोरचा वकील म्हणेल लोकांना कल्पनाच नव्हती. आणि तो बरोबर असेल.

मग येते गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी. एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातलं जे कमी असेल ते. वाटतं, शंभर माणसं काय, सहज जमतील. धान कापणीत नाही जमत. गणपूर्ती नसली की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. इथेच खेळ होतो. पहिल्या दिवशी लोक येत नाहीत, तहकूब सभा पुढच्या आठवड्यात भर दुपारी ठेवतात, पंधरा-वीस जण येतात, हात वर होतात आणि ठराव होतो. कायदेशीर असतो तो. म्हणून पहिल्याच सभेला लोक आणा, आणि तहकूब झालीच तर त्या दिवशी पुन्हा आणा. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, ती बहुतेक ठिकाणी कागदावरच उरकते. ती खरोखर घ्यायला लावा. बाया तिथे जे बोलतात ते मोठ्या सभेत सासऱ्यासमोर बोलत नाहीत.

सभेत अर्जदाराला बोलू द्या. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आमची पोट्टी त्याला माईकच देत नव्हती. त्याला बोलू न दिल्याची तक्रार पुढे त्याच्याच कामी येते. आमच्या सभेत त्याचे दोन मुद्दे होते. एक, गावाला उत्पन्न मिळेल. यावर मी उभा राहून एवढंच सांगितलं की दारूवरचं उत्पादन शुल्क आणि परवाना शुल्क राज्याच्या तिजोरीत जातं, ग्रामपंचायतीला मिळते त्या खोलीची घरपट्टी. पंचायतीच्या शिपायाने रजिस्टर पाहून ती किती होईल ते वाचून दाखवलं, सभा हसली.

दुसरा मुद्दा वजनदार होता. "बंदी होती तवा काय गाव पेत नव्हतं का? मोहाची काढतच होते ना बोडीमागं? उमरेड-पवनीकडून माल येतच होता ना? त्यापेक्षा सरकारी दुकान बरं." हे खोटं नाही. २०१५ ते २०२१ या सहा वर्षांत आमच्याकडे चोरटी दारू होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि ती महागही होती. बायांपैकी एकीने उत्तर दिलं ते मला अजून आठवतं: "तवा बोडीमागं जाऊन पेत होता. आता शाळंच्या रस्त्यावर पेईन. मले फरक कळते जी." मी तिचं म्हणणं जसंच्या तसं लिहून घ्यायला लावलं. सभेत जे मुद्दे येतात ते दोन्ही बाजूंचे इतिवृत्तात यायला हवेत, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की चर्चा झाली, नुसती आरडाओरड नाही.

मोजणी हात वर करून झाली तरी आकडा लिहा. "बहुमताने" एवढ्यावर भागवू नका. बाजूने किती, विरोधात किती, तटस्थ किती.

ठराव कसा असावा, तो आमचा नमुना देतो. रिकाम्या जागा तुमच्या.

"विषय क्र. ३. मौजे ... ता. ... येथील देशी दारू किरकोळ विक्री (सीएल-३) परवाना क्र. ... हा मौजे ... येथील गट क्र. ..., मालमत्ता क्र. ... या जागेत स्थलांतरित करण्याच्या प्रस्तावावर चर्चा झाली. प्रस्तावित जागा जिल्हा परिषद शाळेच्या रस्त्यावर असून आठवडी बाजाराला लागून आहे. सदर स्थलांतरास या ग्रामसभेची हरकत आहे. यापूर्वी मासिक सभा दि. ... ठराव क्र. ... अन्वये दिलेली ना-हरकत ही ग्रामसभा अमान्य करीत आहे. उपस्थित ..., हरकतीच्या बाजूने ..., विरोधात ..., तटस्थ .... सूचक ..., अनुमोदक .... ठरावाची प्रत जिल्हाधिकारी व अधीक्षक, राज्य उत्पादन शुल्क यांना पाठवावी."

मालमत्ता क्रमांक नसेल तर ठराव लंगडा. जागा पन्नास मीटर सरकवून तोच माणूस म्हणेल, तुमची हरकत त्या जागेला होती, या जागेला नाही. म्हणून जमलं तर "तसेच गावाच्या हद्दीतील अन्य कोणत्याही जागेत" हेही घाला.

ठराव लिहून झाला की तिथेच मोठ्याने वाचायला लावा. शेवटच्या ओळीखाली जागा न सोडता सह्या. जागा सुटली असेल तर आडवी रेघ ओढायला लावा. पानाचा मोबाईलवर फोटो काढा. ग्रामसेवकाला राग येतो, येऊ द्या, मलाही यायचा. दुसऱ्या दिवशी नकलेसाठी अर्ज द्या आणि पोच घ्या.

जिल्ह्याचा कागद

निर्णय जिल्हाधिकारी घेतात, ग्रामसभा नाही. हे सभेतच सगळ्यांना सांगा, नाहीतर ठराव झाला की लोक गुलाल उधळतात आणि फाईल मात्र पुढे चालत राहते. ठरावाची साक्षांकित प्रत, नोटिशीचा फोटो, उपस्थितीची प्रत आणि जागेचा हाताने काढलेला नकाशा, असा चार कागदांचा गठ्ठा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे दोन्हीकडे द्या. आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. निकाल विरोधात गेला तर उत्पादन शुल्क आयुक्तांकडे अपील आहे, आदेशाची प्रत कोणत्या दिवशी हाती पडली ते लिहून ठेवा.

नकाशासाठी खरोखर टेप घेऊन जा. परमिट रूमसाठी शाळा, नोंदलेलं धार्मिक स्थळ, एसटी स्टँड यांच्यापासून ७५ मीटरचं अंतर पाहतात. अंतर हवेतून नाही मोजत, पायी जाणारा माणूस ज्या जवळच्या वाटेने जातो त्या वाटेने. म्हणून दार कुठल्या बाजूला आहे ते बघा. दार मागच्या गल्लीत काढून अंतर वाढवलेलं मी पाहिलं आहे. महामार्गाच्या अंतरावर फार विसंबू नका. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ ला ५०० मीटर सांगितले, ३१ मार्च २०१७ ला वीस हजारांपर्यंतच्या वस्तीला २२० केले, पुढे शहरांच्या हद्दीला सूट दिली आणि २०१८ मध्ये पंचायतींचं राज्यांवर सोपवलं. "हायवे आहे ना, बार येऊच शकत नाही" असं म्हणत निवांत बसलेली गावं मला माहीत आहेत.

तालुक्याचं गाव असेल तर ग्रामसभाच नसते. नगरपंचायत किंवा नगरपरिषद असली की विषय सर्वसाधारण सभेत जातो, आणि तिथे मतदाराला हात वर करता येत नाही, नगरसेवकालाच येतो. मग आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला सभेआधी लेखी निवेदन द्यायचं, त्याने ते सभेत वाचावं असा आग्रह धरायचा आणि इतिवृत्ताची नक्कल मागायची. ठराव गैर वाटला तर १९६५ च्या नगरपरिषद कायद्याच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याला स्थगिती देऊ शकतात. जिवती, गडचिरोलीकडच्या पेसा गावांची, म्हणजे आदिवासी क्षेत्राच्या पंचायत कायद्याखालच्या गावांची, गोष्ट आणखी वेगळी, तिथे १९९६ च्या कायद्याने ग्रामसभेचाच हात वर आहे.

दुकान सुरू झालंच तर

मग उभी बाटली, आडवी बाटली. २५ मार्च २००८ च्या आदेशाप्रमाणे किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की पडताळणी होऊन गुप्त मतदान होतं. आडवी म्हणजे बंद.

इथला हिशोब बायांना फळ्यावर लिहून समजवा. गावात ७०० महिला मतदार धरा. अर्जाला १७५ सह्या. दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त, म्हणजे ३५१. झालेल्या मतांच्या नाही, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त. ५०० बाया आल्या, ३४० आडव्या, १६० उभ्या, तरी हरलात. न आलेली बाई उभ्या बाटलीलाच मत देऊन जाते.

म्हणून दिवस महत्त्वाचा. जानेवारी ते मार्च आमच्याकडच्या बाया तेलंगणात मिरची तोडायला जातात, घरंच्या घरं कुलुपात. रोवण्यात कोणी बांधीतून वर येत नाही. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची गावजत्रा, आटोपली की डिसेंबरपर्यंतचे दिवस त्यातल्या त्यात बरे, आणि अर्ज त्या अंदाजाने पावसाळ्यातच करायला हवा, कारण पडताळणीला वेळ जातो. सहीसमोर यादीचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक टाका, नाव यादीत जसं आहे तसंच लिहा. यादीत शशिकला आणि सही शशी, की सही बाद. लग्न होऊन गेलेल्या मुली आणि मेलेल्या म्हाताऱ्या यादीतून आधीच वगळून घ्या. त्या राहिल्या तर ३५१ चा आकडा त्यांच्याच पायी वाढतो.

आमचा अर्ज अजून जिल्ह्यात आहे. आवक क्रमांक मी पाकिटात ठेवतो, बससाठी सुट्टे काढताना दर वेळी हाती येतो. दर पंधरा दिवसांनी जाऊन विचारतो, बाबू आता मला पाहून आधीच "नाही अजून" म्हणतो. ३१ मार्चला परवान्यांची वार्षिक मुदत संपते, त्याच्या आधी आणखी एक पत्र द्यायचं आहे. फाट्याजवळची खोली बंदच आहे. परवा गवंडी भेटला, त्याचे जाळीचे पैसे अजून मिळाले नाहीत म्हणतो.